बॅटरी कोण खातं?

मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभं असलेलं गिऱ्हाईक कॅमेऱ्याची चौकशी झाली की बॅटरीकडे वळतं. "किती एमएएचची आहे? बॅकअप किती देते?" हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारले जातात, जणू पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर आलंच. दुकानदारही त्याच सुरात सांगतो, पाच हजारची आहे, दिवसभर बघायला नको. या पुस्तकाचा सगळा खटाटोप हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवण्यासाठी आहे. पहिल्याचं उत्तर खोक्यावर छापलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर फोनच्या पडद्यात, चिपमध्ये, रेडिओत, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणि कधीतरी टाकून विसरलेल्या ॲपमध्ये विखुरलेलं असतं. थोडं तुमच्या गावच्या टॉवरमध्येही असतं.

आधी हिशेब मांडू. 5000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साधारण 3.85 व्होल्टची असते. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे 19 वॉट-तास ऊर्जा हाती येते. घरातला 9 वॉटचा एलईडी बल्ब तेवढ्या ऊर्जेवर दोन तास जळेल. तेवढ्यातच आपला फोन चोवीस तास काढतो. फोटो, नकाशा, व्हिडिओ कॉल, पैसे देणं-घेणं, सगळं त्यातच. म्हणजे दिवसभराची सरासरी वॉटभरही पडत नाही. रोज पूर्ण चार्ज केला आणि चार्जरमध्ये होणारी गळती धरली, तरी वर्षाला विजेची आठ-दहा युनिटं लागतात. तेव्हा प्रश्न विजेच्या बिलाचा नाही. प्रश्न आहे तो संध्याकाळी सहा वाजता, घरापासून लांब असताना, फोनमध्ये किती उरलं याचा.

2003 साली आलेल्या नोकिया 1100 ची बॅटरी 850 एमएएचची होती आणि तो फोन चार्जरची आठवण न येता कित्येक दिवस चालायचा. आज त्याच्या जवळपास सहापट बॅटरी खिशात असते आणि पिशवीत पॉवर बँकही असते. "पूर्वीच्या बॅटऱ्या चांगल्या होत्या" असा निष्कर्ष यावरून सर्रास काढला जातो, पण तो खरा नाही. लिथियम-आयन बॅटरीची पायाभरणी 1970 च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी केली. 1980 मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साईडचा इलेक्ट्रोड शोधला, 1985 मध्ये जपानात अकिरा योशिनो यांनी कार्बनचा दुसरा इलेक्ट्रोड जोडून ती सुरक्षित केली आणि 1991 मध्ये सोनीने ती बाजारात आणली. या तिघांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ 97 वर्षांचे होते. 1991 पासून आजवर एका किलो बॅटरीत मावणारी ऊर्जा साधारण तिपटीने वाढली आहे. वाढ मोठीच आहे, पण तिची चाल रसायनशास्त्राची आहे. त्याच काळात चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या हजारो पटींनी वाढली. अलीकडे काही फोनमध्ये सहा-सात हजार एमएएच दिसू लागले आहेत, ते ग्रॅफाइटमध्ये सिलिकॉन मिसळल्यामुळे. सिलिकॉन वजनाच्या मानाने ग्रॅफाइटच्या दहापट लिथियम सामावून घेऊ शकतं, पण चार्ज होताना ते तिप्पट-चौपट फुगतं, आणि ते फुगणं आवरण्यातच संशोधकांची वर्षं गेली. थोडक्यात, बॅटरी सुधारते आहे. तिच्यावर टाकलेलं काम मात्र तिच्यापेक्षा वेगाने वाढलं.

मग ही ऊर्जा जाते कुठे? अंदाज न बांधता मोजून बघण्याची सोय जवळच्या रिपेअरिंगच्या दुकानात असते. तिथला कारागीर फोन उघडतो, बॅटरीची पट्टी काढतो आणि तिच्या जागी टेबलावरच्या पॉवर सप्लायची केबल लावतो. त्या पेटीवर व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे दिसतात. बटण दाबलेलं नसताना अँपिअरचा आकडा शून्यावर हवा. नसेल, तर बोर्डावर कुठेतरी लिकेज आहे, आणि अशा फोनमध्ये नवी बॅटरी घातली तरी ती तशीच बसणार. बटण दाबलं की आकडा उसळ्या मारतो. पडदा लागतो तेव्हा एक उडी, नेटवर्क शोधताना दुसरी, कॅमेरा उघडला की त्याहून मोठी. खरी पाहण्यासारखी गोष्ट यानंतरची. पडदा बंद करून फोन टेबलावर ठेवून द्यायचा आणि आकड्याकडे बघत राहायचं. तो हळूहळू उतरत काही मिलिअँपिअरवर आला आणि तिथेच राहिला, तर फोन झोपला. तो खाली येऊन पुन्हा चढला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला, तर कोणीतरी त्याला झोपू देत नाहीये.

फोनचं आयुष्य बहुतांशी झोपण्यात जातं, आणि तो किती नीट झोपतो यावर बॅटरीचा बॅकअप ठरतो, हे या पुस्तकाचं मुख्य म्हणणं आहे. गाढ झोपलेला फोन शंभर मिलिवॅटच्याही खाली चालतो. पडदा लावून, नेटवर व्हिडिओ बघत असताना तो याच्या कितीतरी पट ऊर्जा खातो. बघतो तेवढा वेळ खाल्लं, तर त्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. खिशात असताना, आपण काहीच करत नसताना सकाळचे शंभर टक्के दुपारी साठ होतात तेव्हा माणूस वैतागतो, आणि त्याचं वैतागणं रास्त असतं.

हार्डवेअरवाल्यांनी या झोपेसाठी बरंच केलं आहे. चिपमध्ये ट्रान्झिस्टर उघडझाप करतात तेव्हा लागणारी शक्ती घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज थोडंसं उतरवलं तरी बचत मोठी होते, ती या वर्गामुळे. म्हणून काम हलकं असताना चिप आपला वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणते. 2011 मध्ये आर्म कंपनीने एक पाऊल पुढे टाकलं. एकाच चिपमध्ये काही ताकदवान कोर आणि काही लहान, मितव्ययी कोर ठेवायचे, आणि मेसेज तपासण्यासारखी किरकोळ कामं लहान कोरकडे द्यायची. आज खोक्यावर "आठ कोर" असं अभिमानाने छापलेलं असतं. त्या आठांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त साधारणपणे अशाच काटकसरीसाठी ठेवलेले असतात, हे दुकानात कोणी सांगत नाही.

पडद्याबद्दल थोडक्यात. एलसीडी पडद्यामागे दिवा सतत जळतो, चित्र काळं असो की पांढरं. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि काळा ठिपका बंद असतो. म्हणून "डार्क मोड लावा, बॅटरी वाचेल" हा सल्ला घरोघरी पोचला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये मोजमाप केलं तेव्हा दिसलं की 30 ते 50 टक्के ब्राइटनेसवर ही बचत जेमतेम 3 ते 9 टक्के आहे. पूर्ण ब्राइटनेसवर ती 39 ते 47 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे घरात दिवाणावर बसून डार्क मोड लावण्याने फारसं साधत नाही. मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर उभं राहून फोन बघणाऱ्याला मात्र तो उपयोगी पडतो, तोही पडदा ओलेड असेल तर.

रेडिओपाशी मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्याकडे बॅटरीचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी ओळखलेलं कारण तेच आहे. फोन आणि टॉवर यांचं बोलणं सतत चालू असतं, आणि किती जोरात बोलायचं ते टॉवर फोनला सांगत असतो. टॉवर जवळ असेल तर फोन अगदी कमी शक्तीत काम भागवतो. लांब असेल, मध्ये डोंगर असेल, तर 4जी फोन अँटेनातून 200 मिलिवॅटपर्यंत शक्ती फेकतो, आणि तेवढी बाहेर पडावी म्हणून आतला ॲम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या काही पट ओढतो. सुट्टीत गावी गेलं की बॅटरी लवकर उतरते, हा अनुभव सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या लोकांना आहे. बॅटरी तीच असते, वापरही पुष्कळदा कमीच असतो, फक्त टॉवर लांब गेलेला असतो. कोकण रेल्वेने जाताना हे जास्तच जाणवतं. एकट्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे बोगदेच बोगदे. प्रत्येक बोगद्यात रेंज तुटते, बाहेर आलं की फोन नव्याने टॉवर शोधतो, सापडतो न सापडतो तोच पुढचा बोगदा येतो. अशा प्रवासात फोन फ्लाइट मोडवर टाकणं हा उपाय कोणत्याही "बॅटरी सेव्हर" ॲपपेक्षा मोठा आहे.

त्यात आपल्याकडे दोन सिमांची रीत. एका सिमला चार कांड्या रेंज आणि दुसऱ्याला नाही, तर ते दुसरं सिम दिवसभर नेटवर्क धुंडाळत राहतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतात 5जी सुरू झालं तेव्हा जिओने स्वतंत्र 5जी जाळं उभारलं आणि एअरटेलने आधीच्या 4जीच्या आधारावर 5जी दिलं. या दुसऱ्या पद्धतीत फोनला 4जी आणि 5जी असे दोन्ही दुवे एकाच वेळी सांभाळावे लागतात, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. नवा फोन, नवं 5जी, आणि बॅटरी मात्र जुन्या फोनइतकीही टिकत नाही, अशी जी कुरकुर त्या काळात घराघरांत ऐकू आली, तिचं एक कारण हे होतं.

रेडिओचा आणखी एक गुण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवला पाहिजे. डेटा पाठवून झाला तरी रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून तो काही सेकंद जागा राहतो. त्यामुळे चार अक्षरांचा निरोप पाठवायलाही तेवढे सगळे सेकंद भरावे लागतात. एका कप चहासाठी पंगतीची भट्टी पेटवावी, आणि चहा झाल्यावरही ती धगधगत राहावी, तसं हे आहे. दर दोन मिनिटांनी "काही नवीन आहे का" असं सर्व्हरला विचारणारं ॲप ही भट्टी दिवसभर विझू देत नाही. दहा ॲप आपापल्या वेळी असं विचारू लागली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणूनच गूगल आणि ॲपल या दोघांनीही सगळ्या ॲपच्या सूचना एकाच सामायिक जोडणीतून आणण्याची सोय केली. ती सोय असूनही जी ॲप स्वतःची वेगळी जोडणी धरून बसतात, ती वापरणाऱ्याच्या बॅटरीवर हात मारतात, असं मी स्पष्ट म्हणेन.

2012 मध्ये अभिनव पाठक, चार्ली हू आणि मिंग झांग यांनी ॲपच्या आत शिरून ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यांनी तपासलेल्या लोकप्रिय मोफत ॲपमध्ये 65 ते 75 टक्के ऊर्जा जाहिराती दाखवणाऱ्या त्रयस्थ भागांवर खर्च होत होती. ज्या खेळासाठी किंवा माहितीसाठी माणसाने ॲप उघडलं, त्याच्या वाट्याला उरलेलं एवढंसं येत होतं. तो अभ्यास जुना आहे, आजचे आकडे वेगळे असतील. पण मोफत ॲपची किंमत आपण बॅटरीतून भरतो हे त्यांनी दाखवून दिलं, आणि ते आजही तितकंच खरं आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमने यावर लगाम घालायला 2015 मध्ये जोरात सुरुवात केली. अँड्रॉइड 6 मध्ये "डोझ" आलं. फोन हलत नसेल, पडदा बंद असेल, चार्जिंगला नसेल, तर सगळ्या ॲपना थोपवून ठेवायचं आणि ठरावीक अंतराने एकदाच खिडकी उघडून सगळ्यांची कामं उरकून घ्यायची. पुढे 2018 मध्ये अँड्रॉइड 9 ने ॲपची वापरानुसार वर्गवारी केली. जे आपण क्वचित उघडतो त्याला क्वचितच जागं होऊ द्यायचं. ही विचारसरणी योग्य आहे. काही फोन-कंपन्यांनी मात्र तिच्या पुढे जाऊन पडदा बंद होताच ॲप सरसकट मारायला सुरुवात केली. मग खोक्यावरचा बॅकअप वाढतो आणि औषधाच्या वेळेचा गजर वाजत नाही, डॉक्टरचा निरोप ॲप उघडल्यावरच दिसतो. जो फोन आपलं काम न करून बॅटरी वाचवतो, त्याची बॅटरी चांगली आहे असं मी मानत नाही.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांचा संबंध किती जिवाभावाचा आहे, हे जगाला कळलं ते आयफोनच्या प्रकरणात. बॅटरी जुनी होते तेव्हा तिची क्षमता तर कमी होतेच, शिवाय तिचा अंतर्गत रोधही वाढतो. चिपने एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि 30-40 टक्के दिसत असताना फोन बंद पडतो. आयफोन 6 आणि 6एसमध्ये असं होऊ लागलं, तेव्हा ॲपलने जानेवारी 2017 च्या अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या फोनचा कमाल वेग कमी केला. उपाय तांत्रिकदृष्ट्या समंजस होता, पण लोकांना तो सांगितला गेला नाही. फोन मंदावला की माणसं नवा फोन घेतात. बॅटरी बदलली की तो पुन्हा पळतो हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. डिसेंबर 2017 मध्ये फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंचच्या आकड्यांतून ते उघड झालं. ॲपलने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला आणि 2018 च्या अपडेटमध्ये "बॅटरी हेल्थ" हे पान दिलं. 2020 मध्ये फ्रान्सने याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. आज आपण सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीची तब्येत बघू शकतो, ते या भांडणाचं फळ आहे. वापरणाऱ्याला आकडा दाखवणं हा उपकार नसून त्याचा हक्क आहे, हे तिथे ठरलं.

बॅटरीचं म्हातारपण कशाने लवकर येतं, याचं सविस्तर विवेचन पुढे आहे. इथे दोनच गोष्टी सांगतो. पहिली उष्णता. फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा असं ॲपल सांगते, आणि चंद्रपूर-नागपूरचा मे महिना 45 ओलांडतो. दुपारी दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून फिरणारा डिलिव्हरीवाला आठवा. पडदा पूर्ण ब्राइटनेसवर, जीपीएस चालू, डेटा चालू, वरून ऊन, आणि पॉवर बँकेतून चार्जिंगही त्याच वेळी. बॅटरीचे जेवढे म्हणून शत्रू आहेत ते सगळे त्याच्या हँडलवर एकत्र येतात, आणि त्याची रोजची कमाई त्याच फोनवर अवलंबून असते. दुसरी गोष्ट पूर्ण भरलेली अवस्था. शंभर टक्क्यांवर आतलं व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, आणि तिथे तासन्‌तास राहिल्याने रसायनांची झीज वाढते. म्हणून शक्य असेल तिथे 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय चालू करावी.

काही समजुती मात्र आता सोडायला हव्यात. नवा फोन आधी आठ तास चार्ज करायचा, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही, हे नियम निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचे होते. मागची ॲप सारखी वर सरकवून बंद केल्यानेही बॅटरी वाचत नाही. ॲपलच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी 2016 मध्ये एका ग्राहकाला तसं थेट कळवलं होतं. बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायलाच जास्त ऊर्जा लागते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला सतत खुपत राहिली. बॅटरी टिकत नाही म्हटलं की उपदेश वापरणाऱ्याला होतो. ब्राइटनेस कमी कर, लोकेशन बंद कर, फोन कमी वापर. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन जुने, रॅम अपुरी, ते तापतात आणि हँग होतात, ही त्यांची तक्रार होती. ज्या फोनला पेलत नाही असं काम त्याच्यावर लादलं की तो दिवसभर पूर्ण जोर लावत राहतो, तापतो आणि बॅटरी बसते. त्या बायकांनी ब्राइटनेस कमी करून हे सुटणार नव्हतं. ॲप बनवणारा आणि फोन निवडणारा यांनी एकमेकांकडे बघायला हवं होतं.

म्हणून या पुस्तकात वापरणाऱ्यासाठी जेवढी पानं आहेत, त्याहून जास्त पानं बनवणाऱ्यासाठी आहेत. वापरणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की बॅटरी बदलण्याआधी सेटिंगमधलं बॅटरीचं पान उघडा, कोणतं ॲप न उघडताही वर आहे ते बघा आणि ते काढून टाका. बदललेली जुनी बॅटरी, विशेषतः फुगलेली, घंटागाडीत टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच गेली पाहिजे. आणि पुण्यात, मुंबईत, बंगळुरात बसून ॲप लिहिणाऱ्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींना विनंती आहे. तुमच्या टेबलावरचा फोन नवा असतो, तो केबलला लावलेला असतो आणि ऑफिसचं वायफाय उत्तम असतं. तिथे तुमचं ॲप कधीच बॅटरी खाताना दिसणार नाही. दोन वर्षं वापरलेला दहा हजारांचा फोन घ्या, त्यात दोन सिमं घाला, केबल काढा, आणि शनिवारी त्याला ताम्हिणी घाटात घेऊन जा. संध्याकाळी त्याच्या बॅटरीचं पान उघडून तुमचं ॲप कितव्या नंबरवर आहे ते बघा, आणि सोमवारी त्यावर काम सुरू करा.